हातचा एक कुठून आला?



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली याच शहरात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. शाळा-कॉलेज संपलं तरी माणसाने शिकत राहावं, ऐकावं, शंका विचारावी, हा त्यामागचा हेतू होता. पुण्याने तो दीडशे वर्षं जपला. त्यामुळे शाळेत न जाता घरी शिकणाऱ्या मुलांबद्दल बोलायला याहून योग्य गाव मला सुचत नाही. ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, त्यांनी उभा जन्म गणित शिकवलं. म्हणून घरी शिकणाऱ्या मुलाचं गणित हाच विषय मी आज घेतला आहे.

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलेले पालक आज पुण्यात कोथरूडपासून वाघोलीपर्यंत भेटतात. २००९चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देतो, पण घरच्या शिक्षणाचा त्यात वेगळा उल्लेख नाही. पुढे दहावीला बसायचं तर खासगीरीत्या १७ नंबरचा फॉर्म भरता येतो, किंवा वयाची चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची वाट असते. म्हणजे रस्ता आहे. तरीही या पालकांशी बोलताना एक काळजी हमखास निघते. भाषा येईल, इतिहास-विज्ञान वाचून होईल, ‘पण गणिताचं काय?’

या काळजीपोटी बरेच जण घरातच एक छोटी शाळा मांडतात. बालभारतीचं पुस्तक, धड्यामागून धडा, सरावसंचामागून सरावसंच. मूल वीस गणितं सोडवतं, आई किंवा बाबा बरोबर-चूक अशा खुणा करतात, आणि महिन्याने तेच गणित थोडं वेगळ्या शब्दांत आलं की मूल विचारतं, ‘यात बेरीज करायची की गुणाकार?’ हा प्रश्न ऐकला की समजावं, त्याला रीत आली आहे आणि गणित अजून यायचं आहे.

मुलाला गणित समजलं आहे हे ओळखायचं कसं? मला इतक्या वर्षांत एकच खरी कसोटी सापडली. आपलं उत्तर बरोबर आहे याची खात्री त्याला स्वतःला करून घेता येते का? की त्यासाठी त्याला दर वेळी मोठ्यांच्या तोंडाकडे किंवा पुस्तकाच्या शेवटच्या पानाकडे बघावं लागतं? इतर कोणत्याही विषयात आठ वर्षांचं मूल आपल्या बळावर ‘हे असंच आहे’ असं ठामपणे म्हणू शकत नाही. पानिपतची लढाई १७६१ साली झाली हे त्याला कोणीतरी सांगावंच लागतं. पण सात आणि आठ मिळून पंधरा होतात, हे त्याला स्वतः तपासता येतं. हा अधिकार आपण मुलाच्या हातात देतो की आपल्याकडेच ठेवतो, यावर सगळं अवलंबून आहे.

एक प्रसंग सांगते. सहकारनगरमधलं एक घर. घरी शिकणारी आठ वर्षांची मुलगी, तिची आई आणि आजी. वहीत गणित होतं, ५२ वजा २७. आईने पुस्तकातली रीत शिकवली होती. दोनातून सात जात नाहीत, म्हणून पाच दशकांतला एक दशक सुटा करायचा. चार दशक राहिले, सुटे झाले बारा. बारातून सात गेले पाच, चारातून दोन गेले दोन. पंचवीस. शेजारी भाजी निवडत बसलेली आजी सहज म्हणाली, ‘बारातून सात गेले पाच, हातचा एक. दोन आणि एक तीन. पाचातून तीन गेले दोन. पंचवीसच की.’

मुलीने मान वर केली. ‘आजी, तू खालच्या दोनाचे तीन का केलेस? हा एक कुठून आला?’

‘हातचा गं तो.’

‘पण आला कुठून?’

आजीने जन्मभर घरचा हिशेब चोख ठेवलेला. वजाबाकीत ती कधी चुकायची नाही. पण या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे नव्हतं, कारण तिला तो विचारायची मुभा कधी मिळालीच नव्हती. आई म्हणाली, ‘ती जुनी पद्धत आहे, तू पुस्तकातली कर.’ मी म्हटलं, जरा थांबू या. मुलीला विचारलं, ‘आई किती वर्षांची? तू किती वर्षांची?’ आई छत्तीस, ती आठ. फरक अठ्ठावीस. ‘आणि दहा वर्षांनी?’ तिने बोटांवर मोजलं. सेहेचाळीस आणि अठरा. ‘पुन्हा अठ्ठावीसच! दोघी एकदमच मोठ्या होणार ना!’

मग वहीकडे बघत ती बराच वेळ गप्प बसली. कोणीही मधे बोललं नाही. वरच्या दोनाचे बारा झाले म्हणजे वर दहा वाढले. खालच्या दोन दशकांचे तीन झाले म्हणजे खालीही दहाच वाढले. ‘आजीने दोघांनाही दहा दिले!’ असं ती जवळजवळ ओरडलीच. पुढचं गणित, ८१ वजा ४६, तिने दोन्ही पद्धतींनी केलं आणि वर तिसरी पद्धत स्वतःची काढली. शेहेचाळिसाला चार दिले की पन्नास, मग तीस दिले की ऐंशी, आणखी एक. म्हणजे पस्तीस. तिन्ही उत्तरं जुळली. ‘बरोबर आहे का?’ असं तिने कोणालाच विचारलं नाही. आजीच्या डोळ्यांतही त्या दिवशी वेगळाच आनंद होता. जन्मभर वापरलेल्या हातच्याचं मूळ तिला नातीमुळे कळलं.

शाळेत एका तासाला चाळीस-पन्नास मुलं समोर असतात, पाठ्यक्रम पुरा करायचा असतो. तिथे शिक्षकाची कितीही इच्छा असली तरी एका मुलीच्या ‘कुठून आला?’साठी अर्धा तास काढणं अवघड जातं. घरी तो अर्धा तास मिळतो. घरच्या शिक्षणाची सर्वांत मोठी श्रीमंती ही, आणि धडे भराभर उरकण्यात आपण नेमकी तीच उधळतो.

आता कोणी म्हणेल, जुन्या काळी सगळं पाठच करून घेत, तरी माणसं हिशेबात पक्की होती. खरं आहे. पंतोजींच्या शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी अपूर्णांकांच्या पाढ्यांची उजळणी रोज व्हायची. पण त्या पाठांतरामागे रोजचा व्यवहार उभा होता. रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर. पावशेर तुपाचा आणि दीड मण ज्वारीचा भाव तोंडी काढायचा, तर पावकी आणि दिडकी लागायचीच. मुलगा सकाळी जे घोकायचा ते संध्याकाळी बापाच्या दुकानात वापरायचा. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि लिटर आले आणि या उजळणीची व्यवहारातली गरज संपली. मागे उरलं ते घोकणं. त्याला अर्थ देणारा बाजार निघून गेला.

पाठांतराला माझा विरोध नाही, हे इथेच स्पष्ट करते. पाढे पाठ हवेतच. सात आठे छप्पन्न हे प्रत्येक वेळी मोजत बसणाऱ्या मुलाला भागाकारात दम लागतो आणि पुढचा विचार सुचत नाही. प्रश्न क्रमाचा आहे. आधी मुलाने पाढा स्वतः बांधावा. सात साते एकोणपन्नास माहीत असेल तर त्यात एक सात मिळवून छप्पन्न होतात. किंवा पाच आठे चाळीस आणि दोन आठे सोळा मिळूनही छप्पन्नच. अशा दोन-तीन वाटांनी तो छप्पन्नापर्यंत जाऊन आला की मग खुशाल पाठ करू द्या. पुढे कधी पाढा विसरला तरी तो अडून राहणार नाही, पुन्हा बांधून घेईल.

मराठी मुलाची पहिली अडचण तर पाढ्यांच्याही आधी येते. ‘सदतीस’ म्हणताना कानावर सात आधी पडतात, लिहिताना तीन आधी लिहायचे असतात. म्हणून कितीतरी मुलं ७३ लिहून मोकळी होतात. ‘एकोणपन्नास’ मध्ये कान पन्नास ऐकतो आणि डोळ्यांना चार दिसतात. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी ही अडचण गांभीर्याने घेतली. १९६४ साली मुंबई विद्यापीठातून त्या सुवर्णपदक मिळवून एम. ए. झाल्या. लग्न, केंब्रिजमधला मुक्काम, मुलींचं संगोपन या सगळ्यानंतर १९८१ साली त्यांनी पीएच. डी. मिळवली, आणि मुलांसाठी ‘गणितगप्पा’ लिहिल्या. बालभारतीच्या गणित समितीच्या त्या प्रमुख असताना २०१९च्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असंही वाचन आलं. जुनी नावं काढली नव्हती, सोपा पर्याय शेजारी ठेवला होता. तरी केवढं वादळ उठलं! विधिमंडळापर्यंत चर्चा गेली. त्या चर्चेत मराठीच्या अभिमानाबद्दल पुष्कळ बोललं गेलं. सदतीस लिहिताना गोंधळणाऱ्या सात वर्षांच्या मुलाबद्दल फार कमी. २०२३ साली मंगलाताई गेल्या. घरी शिकवणाऱ्या पालकांना मी सांगेन, त्यांचं म्हणणं निर्धास्तपणे घरात आणा. ‘तीस सात म्हणजे सदतीस’, ‘पन्नासाला एक कमी म्हणजे एकोणपन्नास’ असं दोन्ही म्हणू द्या. दशक आणि एकक एकदा मनात पक्के बसले की हातच्याचं निम्मं कोडं तिथेच सुटतं.

रीत आणि समज यांची ताटातूट कशी होते, हे ब्राझीलमधल्या एका अभ्यासात फार स्पष्ट दिसलं. रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांशी संशोधक गिऱ्हाईक म्हणून बोलले. १९८५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा वर्षांचा एक मुलगा नारळ विकत होता, एक नारळ पस्तीसला. चार नारळांचे किती? तो म्हणाला, तीन नारळांचे एकशे पाच, त्यात तीस, एकशे पस्तीस, आणि पाच, एकशे चाळीस. अचूक. नंतर त्यालाच कागदावर ३५ गुणिले ४ दिलं. चार पंचे वीस, हातचे दोन. दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. उत्तर दोनशे! हातचा त्याने गुणाकार करायच्या आधीच मिळवून टाकला. नारळाच्या गाडीपाशी त्याला आपलं उत्तर तपासता येत होतं, कागदावर तो फक्त हुकूम पाळत होता.

२०२५ साली ‘नेचर’मध्ये अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांचा आपल्याकडचा अभ्यास आला. दिल्ली-कोलकात्याच्या बाजारांत काम करणारी मुलं गुंतागुंतीचे हिशेब तोंडी करत होती, पण पुस्तकी गणितांत अडत होती. शाळेत जाणारी, पण बाजारात काम न करणारी मुलं पुस्तकी गणित करत होती, पण बाजारातल्या हिशेबात गडबडत होती. दोन्हीकडे पूल अर्धवट. मंडईत मुलाला घेऊन जाणारा पालक हा पूल बांधू शकतो. मात्र नुसतं मंडईत नेऊन भागत नाही. पाऊण किलो वांग्यांचे पैसे तोंडी काढल्यावर घरी येऊन तोच हिशेब कागदावर मांडायचा, आणि दोन्ही उत्तरं का जुळली ते मुलाने सांगायचं. हे शेवटचं पाऊल गाळलं तर सहल होते, गणित होत नाही.

पालक म्हणतात, आमचंच गणित कच्चं, आम्ही काय शिकवणार? या भीतीवर गणितशिक्षणाच्या अभ्यासक लिपिंग मा यांचं काम वाचण्यासारखं आहे. १९९९ साली आलेल्या पुस्तकात त्यांनी अमेरिकेतल्या आणि चीनमधल्या प्राथमिक शिक्षकांची तुलना केली. प्रश्न साधा होता. पावणेदोन भागिले अर्धा, हे सोडवा आणि त्यावर एक गोष्ट रचा. अमेरिकेतल्या २३ शिक्षकांपैकी एकालाच नीट गोष्ट रचता आली. बरेच जण अर्ध्याने भागण्याऐवजी दोनाने भागत होते. चिनी शिक्षकांपैकी दहात नऊ जणांनी योग्य गोष्ट सांगितली, आणि त्यांचं औपचारिक शिक्षण अमेरिकन शिक्षकांपेक्षा कमी होतं. म्हणजे लागते ती पदवी नव्हे, सोप्या गणिताची खोल जाण. ती कोणत्याही वयात मिळवता येते.

आपण हीच गोष्ट पुण्यात रचू या. घरात पावणेदोन लिटर दूध आहे. अर्ध्या लिटरच्या पिशव्या भरायच्या. किती भरतील? तीन पूर्ण पिशव्या आणि एक अर्धी. साडेतीन. ‘भागाकार केला की उत्तर लहान येतं’ असं मानणारं मूल इथे चमकतं. पावणेदोनाचे साडेतीन कसे झाले? त्याला लगेच ‘अपूर्णांक उलटा करून गुण’ असं सांगू नका. मोजायचं माप निम्मं केलं की मापांची संख्या दुप्पट होते, हे त्याने दूध मोजता मोजता पाहिलं की उलटा करून गुणण्याची रीत त्याला आपोआप सापडते. शिवाय ती कुठून आली हेही माहीत राहतं.

गणित म्हणजे गंभीर चेहऱ्याने पार पाडायचं कर्तव्य, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांची आठवण ठेवावी. १९०५ साली डहाणूला जन्म, आपल्या फर्ग्युसन कॉलेजात शिक्षण, १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक. पुढे आयुष्यभर देवळालीच्या शाळेत मास्तर. पदव्युत्तर शिक्षण नाही, हाताशी मोठी संस्था नाही. आकड्यांशी खेळायची ओढ मात्र अनिवार. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं आणि जगाचं लक्ष देवळालीच्या या मास्तरांकडे गेलं.

त्यांचा खेळ आज रात्री घरी करून बघा. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, समजा ३५२४. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने, आणि वजा करा. ५४३२ वजा २३४५, उत्तर ३०८७. पुन्हा तसंच. ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. पुन्हा. ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आता यापुढे कितीही वेळा करा, ६१७४च येणार. कोणत्याही संख्येपासून निघा, फार तर सात पावलांत तिथेच पोहोचाल. हा खेळ लागला की मूल हातच्याच्या डझनभर वजाबाक्या कोणी न सांगता करतं. आणि मग एखादं मूल बघतं की ३०८७, ८३५२, ६१७४ या तिन्ही संख्यांच्या अंकांची बेरीज अठरा आहे. ‘असं का?’ तो प्रश्न आला की आई-बाबांनी उत्तर शोधायला मुलाच्या शेजारी बसावं. ‘मलाही माहीत नाही, चल बघू’ असं म्हणणारा पालक मुलाला फार मोठी गोष्ट शिकवत असतो.

घरच्या शिक्षणात एक उणीव मात्र आहे, आणि ती मान्य केली पाहिजे. घरी वाद घालायला दुसरं मूल नसतं. ‘माझं उत्तर वेगळं आलं’ असं म्हणणारा सोबती हा गणितातला मोठा गुरू. तो आई-वडिलांना होता येत नाही, कारण त्यांच्या शब्दाला घरात वजन असतं. ही सोबत बाहेर शोधावी लागते, आणि त्या बाबतीत पुणेकर भाग्यवान आहेत. आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, जिथे अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची आणि भूमितीची खेळणी उभी केली. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली गणितासाठी स्थापन केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान इथेच आहे. पण संस्थांच्या भरवशावर थांबायचंही कारण नाही. चार घरांनी मिळून आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवावी, मुलांना एकच गणित द्यावं, उत्तर न सांगता त्यांना एकमेकांना पटवून द्यायला लावावं. मोठ्यांनी त्या वेळी तोंड बंद ठेवावं.

आणि दहावीचं काय? परीक्षेचा अभ्यास परीक्षेच्या आधी वर्षभर जरूर करावा. वेळ लावून प्रश्नपत्रिका सोडवाव्यात, मांडणी नीट करावी. पण पंधराव्या वर्षीच्या परीक्षेची भीती आठव्या वर्षीच्या वहीत आणू नका. ज्या मुलाला आपली वजाबाकी स्वतः तपासता येते, त्याला पुढे बीजगणितातलं समीकरणही स्वतः तपासता येतं. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना सारखंच मिळवलं तर समानता ढळत नाही, आणि आजीच्या हातच्यात दोन्ही संख्यांना सारखंच मिळवलं तर फरक ढळत नाही. सहकारनगरमधली ती मुलगी आठव्या वर्षी हे शिकली आहे. पुढच्या इयत्तांत तिला नवीन चिन्हं शिकावी लागतील, विचार तोच असेल.

म्हणून इथे बसलेल्या प्रत्येक आई-वडिलांना, आजी-आजोबांना माझं एकच मागणं आहे. मुलाने उत्तर सांगितलं की लगेच ‘शाब्बास’ म्हणू नका आणि लगेच ‘चूक’ही म्हणू नका. आधी विचारा, ‘तुला कसं कळलं?’ उत्तर चुकलं असेल तेव्हाच विचारलं, तर मुलाला या प्रश्नाची धास्ती बसते. म्हणून बरोबर उत्तरालाही विचारा. विचारल्यावर गप्प राहा आणि त्याला बोलू द्या. त्याने स्वतःची चूक स्वतः पकडली तर त्या दिवशी पुढचा धडा झाला नाही तरी चालेल. मुलाला शाळेऐवजी घरी शिकवण्याचा निर्णय घेताना तुम्ही मोठं धैर्य दाखवलं आहे. आता उत्तर बरोबर की चूक हे ठरवण्याचा अधिकारही त्याच्या हाती द्या.